अनुस्वाराचा नंबर

शरच्चंद्र गुप्ते याच्या नजरेतून निसटलेला तो ठिपका बाजरीच्या दाण्याएवढाही नव्हता. पण तो निसटला, आणि जानेवारीतल्या स्मृतिदिनासाठी छापलेल्या पाचशे भित्तिपत्रकांवर ‘हुतात्म्यांना विनम्र वंदन’ऐवजी ‘हुतात्म्यांना विनम्र वदन’ अशी अक्षरे उमटली. ठाकूरद्वारापासून प्रार्थना समाजापर्यंतच्या भिंतींवर ती पत्रके खळ लावून चिकटवून झाली, सकाळ झाली, माणसे कामाला निघाली, आणि मग कुणीतरी थांबून हसले.

ज्या मंडळाची ती पत्रके होती त्याची तीन माणसे छापखान्यात आली. मालक कमलाकांतराव यांनी त्यांना चहा पाजला, त्यांचे सगळे ऐकून घेतले, आणि ती गेल्यावर एक शब्दही न बोलता चुकलेले एक पत्रक शरच्चंद्राच्या टेबलामागच्या भिंतीवर टाचून ठेवले. ते ओरडले असते तर त्याला बरे वाटले असते. त्या दिवसापासून शरच्चंद्राने वाचून दिलेले प्रत्येक प्रूफ कमलाकांतराव स्वतः पुन्हा वाचू लागले.

“वदन विनम्र आहे खरं तुमचं, शरदराव,” खिळे जुळवता जुळवता म्हातारा कोंडीराम म्हणाला. पस्तीस वर्षे तो अक्षरजुळणी करीत होता. “मंडळवाल्यांना सांगायचं, तुमच्याकडे बघूनच छापलं म्हणून.”

शरच्चंद्र हसला. वेळेवर उत्तर सुचणे ही कला त्याला कधीच साधली नव्हती. बसमध्ये कंडक्टरकडे उरलेले पैसे मागायलाही त्याचा जीव संकोचे, आणि तोवर त्याचा थांबा येऊन जाई. पण पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपाशी, त्या उतरत्या फळीच्या टेबलाशी बसला की तो निराळा माणूस होई. समासात त्याने एक काडी मारली की खाली शिशाचे अक्षर जागेवरून उठे आणि दुसरे त्या जागी बसे. जगात त्याचे म्हणणे कुणी तत्काळ मानावे अशी ती एकच जागा होती. चार वर्षे तो तिथे बसत होता. बाहेर मोर्चे गेले, गोळ्या चालल्या, निवडणुका झाल्या. आणि त्या सगळ्याचे शब्द, शाई ओली असतानाच, त्याच्या पेन्सिलीखालून गेले. आता मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य होणार हे ठरले होते. एक मे जवळ येत होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कमलाकांतरावांनी त्याला बोलावले. समोर निरनिराळ्या हस्ताक्षरांतले कागद होते.

“त्याच मंडळाचं काम आहे. हातापाया पडून परत मिळवलंय,” ते म्हणाले. “एक मेला स्मरणिका काढताहेत. गिरगावापासून परळपर्यंतची जी माणसं आंदोलनात तुरुंगात गेली, त्यांची यादी. एकशे बेचाळीस नावं.”

“वाचतो.”

“ऐका आधी. वाक्य असलं की चूक कळते, अर्थ हात धरतो. नावाला मागचं-पुढचं काही नसतं, गुप्ते. आणि ह्या लोकांनी आपलं नाव आजवर छापलेलं पाहिलंय कुठे? रेशनकार्डावर. पंचवीस तारखेला छपाई सुरू. यात एक जरी नाव चुकलं तरी हे टेबल मी दुसऱ्याला देईन आणि तुम्ही खाली बांधणीत बसाल. रागानं बोलत नाही. पण करीन.”

शरच्चंद्र जागेवर परतला. त्याने पहिला कागद उचलला, नेहमीप्रमाणे मान किंचित डावीकडे कलती करून धरला, आणि तो पहिल्याच नावाशी थांबला. ‘वंदन’ त्याने वाचले होते. त्याला स्पष्ट आठवत होते, प्रुफावर त्याने ‘वंदन’च वाचले होते. तिथे जे नव्हते ते त्याने वाचले होते. मग या एकशे बेचाळीस नावांत तो काय काय वाचणार होता?

घरी, दादरला, थोरली बहीण नलू मुलींच्या वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिक्षिका होती आणि घरातही तिचा आवाज वर्गातलाच असे.

“डोळे तपास,” ती म्हणाली.

“गेल्या वर्षी तपासले की. शेवटची ओळसुद्धा वाचली होती मी.”

“मग मान का वाकडी करतोस? चोरून कैरी खाणाऱ्या पोरीसारखा दिसतोस. ह्या खेपेला काच चांगली घे. गेल्या वेळी फ्रेम बघून घेतलीस, काच काय दिली ते विचारलंसुद्धा नाहीस.”

“विचारायचं काय असतं?”

“ते मला काय माहीत? पण विचारायचं असतं.”

आतून आई म्हणाली, “पेबलचा घे रे. स्फटिकाचा असतो तो. जिभेला लावून बघायचा, बर्फासारखा लागला की अस्सल. डोळे थंड राहतात.”

पुढल्या दोन दिवसांत शरच्चंद्राला कळले की मुंबईत चष्म्याविषयी मत नसलेला माणूस नाही. शेजारच्यांनी फोर्टातल्या साहेबी दुकानाचे नाव घेतले; तिथे काच जर्मनीहून येते आणि गिऱ्हाइकाला खुर्ची देतात. छापखान्यातल्या कारकुनाने शपथेवर सांगितले की काच सगळीकडची सारखीच, फरक फक्त पाटीचा. शेवटी तो दादरच्याच एका झगझगीत दुकानात गेला. भिंतीवर इंग्रजी अक्षरांची पाटी होती. त्याने वरपासून खालपर्यंत, एका दमात, ती वाचून दाखवली.

“तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत,” विक्रेता म्हणाला. “नंबर तोच. फ्रेम मात्र बदलाच.”

तो बाहेर पडला तेव्हा त्याला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. उलट, फूटपाथवर फुलांच्या पाट्यांपाशी उभे राहून तो विचार करीत राहिला की डोळे जर चांगले असतील, तर मग दोष आणखी आत कुठेतरी आहे. तिथे कोणती काच बसवणार?

ही गोष्ट त्याने कोंडीरामला सांगितली. कोंडीरामने हातातली खिळ्यांची पट्टी खाली ठेवली. काम सोडून बोलणे त्याच्या स्वभावात नव्हते.

“फणसवाडीच्या मागच्या गल्लीत मनमोहनराव धैर्यवान म्हणून आहेत. जुने प्रभू. तिथं जावा. माझा चष्मा त्यांचाच. आठ दिवस लावतात, बोलतात जास्त, पण काच घासून देतात. तयार काच फ्रेममध्ये कोंबत नाहीत.”

मनमोहनरावांचे दुकान म्हणजे एका जुन्या घराची पुढची खोली होती. उंच, गोरे, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. पांढरे कडक धोतर, वर कोट. शरच्चंद्राने जुना चष्मा पुढे केला. त्यांनी तो घातला नाही, पुसलाही नाही. हात लांब करून त्यातून खिडकीच्या गजाकडे पाहिले, काच डावी-उजवीकडे हलवली, मग चाकासारखी हळूहळू फिरवली.

“ही काच कुणी दिली?”

“दादरला घेतली.”

“काच वाईट नाही. मागच्या गजाला लाट येत नाही, ओरखडा नाही. फक्त ती तुमची नाही.” त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. “दिवसभर काय करता?”

“प्रुफं वाचतो. छापखान्यात.”

“अरे देवा,” मनमोहनराव म्हणाले आणि भिंतीवरची इंग्रजी पाटी उलटी करून ठेवली. “मग ही कामाची नाही. ही पाटी साऱ्या मुंबईत एकच आहे. तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलीत?”

“शाळेत असताना. डॉक्टर आले होते.”

“म्हणा बघू आता. भिंतीकडे न बघता.”

शरच्चंद्राने तोंड उघडले आणि त्याच्याच कानांवर त्याचा आवाज आला: एकामागून एक अक्षर, ओळीमागून ओळ, अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत. तो मध्येच थांबला. कानशिले तापली.

“मी मुद्दाम नाही हो केलं,” तो म्हणाला.

“मुद्दाम कसं कराल? मुद्दाम करणारा अडखळतो. वाचणाऱ्या माणसाचे डोळे तपासणं फार कठीण. भटजी, वकील आणि तुम्ही प्रुफवाले. तुम्ही डोळ्यांनी थोडं आणि डोक्यानं फार वाचता. इतकी वर्षं तुमचं डोकं तुमच्या डोळ्यांची बाजू घेऊन खोटं बोलतंय.”

त्यांनी कपाटातून एक पुठ्ठा काढला. त्यावर त्यांच्याच हाताने, बोरूने, देवनागरी अक्षरे काढलेली होती: ठ, णं, ळ, घं, ढ, ङ, फं. कशाचा कशाशी संबंध नाही. त्यातून शब्द होत नव्हता, नाव होत नव्हते, शिवीसुद्धा होत नव्हती. नाकावर तपासणीची पोकळ गोल चौकट चढवून शरच्चंद्र त्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिला आणि आयुष्यात प्रथमच त्याला अक्षर ओळखता येईना. काने दिसत होते, अक्षरांचे उभे दांडे जणू ताठ उभे होते. पण आडव्या शिरोरेषा पाण्यात भिजलेल्या सुतासारख्या फुगल्या होत्या. त्यांच्यावर काही आहे की नाही, ते त्याला सांगता येत नव्हते.

“आता त्या घड्याळासारख्या रेघांच्या पाटीवर बघा. बारा-सहाची रेघ कशी?”

“काळी.”

“तीन-नऊची?”

“पुसट. दुहेरी.”

“बरोबर. आडवं ते पसरतं. इंग्रजी अक्षराचं फार बिघडत नाही. आपली लिपी आडव्या रेघेला टांगलेली. तुमचा अनुस्वार दिसत नाही असं नाही, तो रेघेत बुडतो.”

त्यांनी चौकटीत एक काच सरकवली आणि दोन बोटांनी ती हळूहळू फिरवू लागले. शिरोरेषा आणखी विस्कटली, मग आवळू लागली. एका ठिकाणी, अगदी केसभर फिरल्यावर, ‘णं’वरचा ठिपका रेघेपासून सुटला. तोरणातले एकच पान वाऱ्याने वेगळे व्हावे तसा तो वर उभा राहिला. काळा, गोल, पूर्ण. मग ‘घं’वरचा. मग ‘फं’वरचा. शरच्चंद्राने श्वास घेतला तो सोडायचे विसरला.

“बाहेर बघा,” मनमोहनराव म्हणाले.

समोरच्या भिंतीवर कुणीतरी चार वर्षांपूर्वी डांबराने लिहिलेली घोषणा होती. तिच्यावरून किती पावसाळे गेले होते. ‘मुंबईसह’ या शब्दावर, ‘मु’च्या डोक्यावर, ब्रश टेकून उचलल्याचा टपोरा ठिपका होता, आणि त्यातून ओघळलेली डांबराची बारीक शेपटीसुद्धा दिसत होती. या गल्लीवरून तो रोज जात होता.

त्याने चौकट काढून ती घोषणा पाहिली, परत चढवून पाहिली.

मग काचेची गोष्ट निघाली. शरच्चंद्राने पेबलचे विचारले.

“पेबल थंड असतो, खरं आहे. पण ठिपका गारव्यानं दिसत नाही. साधी, स्वच्छ, नीट घासलेली काच घ्या. घेताना तीन गोष्टी बघायच्या: आरपार गज पाहिला तर लाट नको, उजेडात तिरपी धरली तर ओरखडा नको, आणि काचेचा मध्य तुमच्या बुबुळासमोर यायला हवा. तुमच्यासाठी चौथी. काच चौकटीत तसूभरही फिरता कामा नये. म्हणून गोल फ्रेम नको. गोल काच फिरते, आणि ती फिरली की अनुस्वार परत बुडाला.”

“कधी मिळेल?”

“आठ दिवस. काचेचा कल नेमक्या अंशावर घासून घ्यावा लागतो. परवा हवा असेल तर दादरला जा, तयार काच बसवून देतील. उभं दिसेल, आडवं नाही.”

आठ दिवस. नुकतीच जुळून झालेली यादी उद्या त्याच्या टेबलावर येणार होती. परतीच्या वाटेवर त्याने दोन्ही मार्ग मनात पुन्हा पुन्हा चालून पाहिले. जुन्या चष्म्याने वाचायचे आणि गप्प राहायचे, जसा तो आजवर राहिला. नशीब असेल तर निभावेल. किंवा मालकांसमोर उभे राहून, चार वर्षे मी नीट न दिसता वाचत होतो, असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे. पहिल्या मार्गात काही बोलावे लागत नव्हते. म्हणूनच तो त्याला इतका ओळखीचा वाटला.

पण ‘णं’वरचा ठिपका डोळ्यांपुढून जात नव्हता. एकदा पाहिल्यावर तो न पाहिल्यासारखे करणे ही आता चूक राहिली नसती, लबाडी झाली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने कमलाकांतरावांना सांगितले. वाक्य पाठ करून आला होता, तरी ते उलटसुलट झाले. कमलाकांतरावांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे चार वर्षं तुम्ही काय वाचत होतात?”

“जे असायला हवं ते.”

“आणि मी त्याचा पगार देत होतो.” त्यांनी नाकावरचा स्वतःचा चष्मा कपाळावर ढकलला. “चष्मा येईपर्यंत प्रुफाला हात लावायचा नाही.”

शरच्चंद्राने मान हलवली. टेबल गेले, असे त्याच्या मनाने धरून टाकले.

“कान चांगले आहेत ना?” कमलाकांतराव म्हणाले.

“कान?”

“ही यादी चौघांनी लिहिलीय. घाईत लिहिणारा अनुस्वार देत नाही. मीही देत नाही. मूळच चुकलेलं असेल तर नव्या चष्म्याचं काय लोणचं घालायचं? आठ दिवस मोकळे आहात. पत्ते आहेत. जा, आणि ज्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकून या.”

अनोळखी दारे ठोठावण्यापेक्षा बांधणीत बसणे शरच्चंद्राने आनंदाने पत्करले असते. पण ते त्याला कुणी विचारले नव्हते. तो निघाला. पहिल्या दिवशी प्रत्येक दारासमोर मनात दहा आकडे मोजून मगच तो कडी वाजवी. तिसऱ्या दिवशी आकडे पाचावर आले. माणसे त्याला बसवीत, पाणी देत, आणि नाव विचारले की थोडी सावरून बसत. जणू ते नाव कपाटातून काढून झटकून द्यायचे असावे. तो ते ऐके, मोठ्या अक्षरात लिही आणि वाचून दाखवी. कुणी आपले नाव ऐकून लाजे. एकाने त्याला तीनदा वाचायला लावले, चूक नसताना.

लालबागच्या एका चाळीत रमाबाई नावाची बाई दारात बसून मिरच्यांची देठे खुडत होती. यादीत ‘रमाबाई मोडकर’ असे होते. चाळ मालवण्यांची म्हणून शरच्चंद्राने आधीच, रस्त्यातच, पेन्सिलीने त्यावर ठिपका देऊन टाकला होता. कोकणातल्या मोंड गावचे ते मोंडकर. यात शंकेला जागा नव्हती.

“रमाबाई मोंडकर ना?”

“मोंडकर तां येगळां घराणां,” ती म्हणाली. “आमी मोडकर. ठिपको नाय.”

“पण मोंड गावचे…”

“गाव माजां की तुजां? जेलातल्या बायेनपण तसोच ठिपको दिल्यान. मी तिका सांगलंय, सरकाराचो असलो तरी फुकटचो ठिपको माका नको.” मग त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून तिने एक पाट पुढे सरकवला. “बस. मिरचेन शिंका येतली, पण बस. तू गेल्लंस काय रे जेलात?”

“नाही. मी प्रुफं वाचत होतो.”

“ता पण कोणी तरी करूक व्हया,” रमाबाई म्हणाली आणि पुढची मिरची उचलली.

चाळीचा जिना उतरताना त्याला जोरात शिंका आल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहिले. ते केवळ मिरच्यांचे होते असे त्याला म्हणता आले नसते. त्याने तो ठिपका खोडला. चुकीच्या चष्म्यामुळे सुटलेला ठिपका एक वेळ क्षम्य होता. पण हा त्याने भरवशाने दिला होता.

आठव्या दिवशी मनमोहनरावांनी चष्मा दिला. शरच्चंद्राने तो लगेच नाकावर चढवला नाही. हात लांब करून त्यातून खिडकीचा गज पाहिला, काच हलवली, उजेडात तिरपी धरली, चौकटीत अंगठ्याने दाबून फिरते का ते पाहिले. मनमोहनराव मिशीत हसत होते.

“आता कुठे तुम्ही गिऱ्हाईक झालात,” ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस त्याने यादी वाचली. अर्थ नाही, वाक्य नाही, फक्त नावे. मनाला कुठेही पुढे धावू न देता, एकेका अक्षरापाशी थांबून. अकरा चुका निघाल्या. एका ठिकाणी ‘ठोंबरे’वरचा अनुस्वार छापात उमटत नव्हता. कोंडीराम म्हणाला, मी लावलाय, शपथेवर लावलाय. मग त्याने तो खिळा काढून तर्जनीचे टोक त्यावरून फिरवले आणि बोट तिथेच थांबले.

“तुटलाय,” तो हळूच म्हणाला. “माझ्या बोटाला कळायला हवं होतं. मनमोहनरावांनी काच दिली, की दुर्बीण?”

चोवीस तारखेच्या दुपारी शेवटचे प्रूफ घेऊन शरच्चंद्र मालकांसमोर उभा राहिला. खाली जुळवलेल्या पानांचा फर्मा यंत्रावर चढवून झाला होता.

“झालं?”

“एक राहिलं. कुशाबा शेडगे. किंवा शेंडगे.”

“किंवा?”

“परळला गिरणीत आहे. गेलो तेव्हा गावाला गेला होता, खोलीला कुलूप. खानावळवाल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मी त्याला भाकरी वाढते, समन्स नाही बजावत. आडनाव मला काय ठाऊक. आज परत येणार आहे आणि रात्रपाळीला जाणार आहे.”

“मूळ कागदावर काय आहे?”

“तुम्हीच बघा.”

कमलाकांतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “ठिपका नाही. शेडगे.”

“आहे. मात्रेच्या उजवीकडे, फिकट. पण तो नावाचा आहे की टाकातून उडालेला, ते मला कळत नाही.” चष्म्याने ठिपका दाखवला होता, तो कुणाचा, हे सांगणे चष्म्याच्या हाती नव्हते.

“गुप्ते, दोन्ही आडनावं असतात. दोन्ही चालतील.”

“त्याला एकच आहे,” शरच्चंद्र म्हणाला.

हे आपण बोललो, हे त्याला क्षणभराने कळले. कमलाकांतरावांच्या हातात प्रुफाचे आठ कागद होते. नेहमीप्रमाणे ते आता लाल पेन्सिल घेऊन पहिल्यापासून वाचायला बसतील असे त्याला वाटले. त्यांनी कागद जुळवले, कडा सारख्या केल्या आणि न वाचता ते त्याच्या हातात परत दिले. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते खाली म्हणाले, “यंत्र उद्या दहापर्यंत थांबवा. गुप्त्यांचं एक नाव यायचंय.”

सकाळी सातला शरच्चंद्र परळच्या गिरणीच्या फाटकाशी उभा होता. भोंगा झाला. रात्रपाळी सुटली, पहिली पाळी आत निघाली, आणि दोन लोंढे एकमेकांत मिसळले. केसांवर, भुवयांवर कापूस बसलेली, डोळे तांबारलेली शेकडो माणसे. त्यातला कुशाबा कोणता, हे सांगणारी कोणतीही काच नव्हती. पहारेकऱ्याला विचारावे म्हणून तो वळला, तर पहारेकरी गर्दीत वेढलेला. दोन-तीन मिनिटांत फाटक रिकामे होणार होते.

तो फाटकाशेजारच्या कट्ट्यावर चढला.

“कुशाबा शेडगे!”

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. काही माथी वर झाली, काही हसली. कुणी थांबले नाही. एकजण जाता जाता म्हणाला, “भाऊ, सकाळी सकाळी कुणाला धरायला आलास?”

शरच्चंद्राने पुन्हा श्वास घेतला, आणि या वेळी नाकातून तो नाद पुरेपूर दिला.

“कुशाबा शेंडगे!”

लोंढ्याच्या मधोमध एक ठेंगणा, रुंद बांध्याचा माणूस जागच्या जागी उभा राहिला. मागच्यांचे धक्के खात तो वळला, भुवईवरचा कापूस मनगटाने पुसला आणि कट्ट्याच्या दिशेने येऊ लागला. त्याच्या चेहऱ्यावर थोडी भीती होती. बाहेरच्या माणसाने पुऱ्या नावाने हाक मारणे त्याच्या वाट्याला पूर्वी एकदाच आले असावे.

“मीच तो,” तो म्हणाला. “काय झालं? परत आत टाकतात काय?”

“नाही, नाही,” शरच्चंद्र घाईघाईने खाली उतरत म्हणाला. “छापायचंय. तुमचं नाव. पुस्तकात.”

कुशाबाला ते पटकन उमगले नाही. मग उमगले. त्याने दोन्ही तळहात सदऱ्याला पुसले, जणू त्याच्या हातात काही दिले जाणार होते.

“बघू,” तो म्हणाला. “कसं लिवलंय?”

शरच्चंद्राने प्रूफ कट्ट्यावर पसरले, खिशातली पेन्सिल काढली आणि त्याच्या देखत, मात्रेच्या उजवीकडे, ठिपका दिला.